रडायला आडोसा

विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षातल्या ताईंची खोली जिन्याखाली होती. उंच माणसाचं डोकं हमखास आपटायचं. "आधी वाका, मग रडा," असं ताई म्हणायच्या आणि डोळे भरून आलेलं पोरही हसत आत शिरायचं. नापास झालेले, घरच्या आठवणीनं कासावीस झालेले, प्रेमात तोंडघशी पडलेले, सगळे यायचे. दार लागलं की बोलायचे.

पुढे जोडीची सहकारी वैतागून सोडून गेली. तिची जागा कुणी भरलीच नाही. दोघींचं काम ताईंवर आलं, वर परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचं लचांड. घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. एकदा लेक मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती आणि ताई नुसतं "हं, हं" करत होत्या.

"आई, मी आत्ता काय म्हणाले?"

"हं," ताईंच्या तोंडून पुन्हा निघालं.

"जगाची ताई तू. माझ्या वाटणीला फक्त हं!" लेक उठून गेली. ते जिव्हारी लागलं. तरी ताई टिकल्या.

मग कुलसचिवांनी कक्ष प्रवेश विभागाच्या दालनात हलवला. काचेच्या भिंती, दार नाहीच.

"साहेब, रडायला आडोसा लागतो हो."

"अहो, त्यात लाजायचं काय? मोकळं वातावरण!"

पहिल्याच आठवड्यात एक पोरगा आला. वडील नुकतेच गेलेले, अभ्यासात मन लागेना. तो कसाबसा बोलायला लागला, तोच बाहेरच्या रांगेतून वर्गमित्रांनी हात हलवला. पोरानंही हसून हात हलवला. "ताई, बसचा पास कुठे मिळतो?" एवढंच विचारून गेला. ताई त्याला शोधत वसतिगृहावर गेल्या, तर तो गाशा गुंडाळून घरी गेलेला. शिक्षण सोडून.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेब खुशीत होते. "तक्रारी निम्म्यावर आल्यात. ताईंचं अभिनंदन!"

"तक्रारी नाही कमी झाल्या, साहेब. पोरं गप्प झालीत," ताई म्हणाल्या. साहेबांनी पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

आता त्या भावाच्या रोपवाटिकेत असतात. "ही रोपं तरी गाऱ्हाणी सांगत नाहीत," भाऊ चेष्टेनं म्हणतो. ताई हसतात, कुंड्या भरतात, वेळेवर घरी जातात. फक्त निकालांच्या दिवसांत त्यांना घास गोड लागत नाही.