कॅप्टन साळवींचं गाऱ्हाणं

कॅप्टन साळवींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, भर उन्हात एक हात पुढे धरून, मान तिरकी करून गोल गोल चालत होते. कड्याजवळ गेले की वाकायचे, मग हळूहळू सरळ होत वळायचे. तोंडाने पुटपुटणं चालूच. मी नुकताच बी.एस्सी. झालेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. अडलेल्याला मदत करणं हे शिकलेल्याचं कर्तव्य, अशी माझी ठाम समजूत. मी त्यांचा कोपर धरला आणि मोठ्याने विचारलं, "आजोबा, घर कुठे तुमचं? पोचवू का?"

"पोचव, पण आधी हात सोड. मी आत्ता समुद्रावर आहे."

ते हेलिकॉप्टरच्या कसरती करणारे वैमानिक होते. जाहिराती आणि सिनेमांच्या चित्रीकरणासाठी उडत, आणि प्रत्येक कसरत आधी जमिनीवर पायी चालून बघत. "कसरत म्हणजे धाडस नव्हे रे ग्रॅज्युएट, पाठांतर. ज्याला वर गेल्यावर आठवावं लागतं, तो खाली येतो." त्याच दिवशी त्यांनी मला कामाला ठेवलं. "अनोळखी म्हाताऱ्याला घरी न्यायला निघालास. बघ्यांना मागे हटवायला असाच आगाऊ माणूस हवा." माझ्या हाती लाल झेंडा आला. संगमेश्वरकडच्या आमच्या गावात वडिलांनी सांगून टाकलं, की मुलगा हेलिकॉप्टर चालवतो. मी पुढच्या सुट्टीत काळा चष्मा लावून गेलो, एवढाच माझा त्यात हातभार.

उड्डाणापूर्वी साळवी सगळ्यांना गोल उभं करत आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालत. "बा जागेवाल्या महाराजा, आज वारा दर्याकडून आहे..."

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडायचं.

"शेपटीच्या पंख्याकडे कोण फिरकायचा नाही..."

"व्हय महाराजा!"

"आणि टाळ्या वाजवून या साळव्याला कोण आणखी खाली उतरवायचा नाही!"

"व्हय महाराजा!"

मुंबईची मंडळी हसत, पण ओरडत. शेवटी साळवी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. चहा देणाऱ्यापासून दिग्दर्शकापर्यंत कुणीही "नाही महाराजा" म्हटलं, की त्या दिवशी उड्डाण रद्द. कारण द्यायची सक्ती नव्हती.

एका जाहिरातीसाठी त्यांना कड्यावरून नाक खाली घालून बुडी मारायची होती आणि लाटांच्या वर हेलिकॉप्टर उचलायचं होतं. सूर्य कलला होता, निर्माते घड्याळ बघत होते. गाऱ्हाणं संपलं. सगळे "व्हय" म्हणाले आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही महाराजा."

सगळ्यांत जास्त मीच दचकलो.

"काय दिसलं रे याला?" निर्माते ओरडले.

मला काहीच दिसलं नव्हतं. "पोटात गोळा आला," मी म्हणालो. पदवीधराने एवढं बिनशास्त्रीय उत्तर क्वचितच दिलं असेल.

"याच्या पोटासाठी सगळं युनिट थांबवायचं?"

"थांबवायचं. गाऱ्हाणं झालंय," असं म्हणत साळवींनी हेल्मेट काढलं.

यंत्र तपासलं, वारा तपासला. कशातही खोट निघाली नाही. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांनी दुसरा वैमानिक आणला. त्याने तीच बुडी मारली आणि तो सुखरूप उतरला. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीबाहेर उभा राहून मी तर भान विसरून टाळ्याही वाजवल्या. शेजारी साळवी होते. मी हात खिशात घातले.

"साहेब, माझ्यामुळे काम गेलं तुमचं."

"गेलं खरं."

"आणि कारण तर काहीच नव्हतं."

"मेल्या, म्हणून तर ओरडलो नाही. काल ओरडलो असतो, तर उद्या खरंच काही दिसलं असतं तरी तू गप्प बसला असतास. मग मी कुणाच्या भरवशावर नाक खाली घालू?"

त्या निर्मात्यांनी त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. साळवींनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. "कसरती करणारा खाटेवर मरतो, ही माझी सगळ्यांत अवघड कसरत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी रत्नागिरीतल्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा आवाज पार बसला होता. त्यांनी हात जोडले आणि खोल गेलेल्या आवाजात सुरू केलं, "बा जागेवाल्या महाराजा, या साळव्याचं उडून झालं. आता याला सुखाने जाऊ दे महाराजा..."

आणि सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही महाराजा," मी म्हणालो.

ते हसले. "कारण?"

"काही नाही, साहेब. पोटात गोळा आला."

"बरं," ते म्हणाले. "आजचं उड्डाण रद्द."

त्याच आठवड्यात ते गेले. मी गावी होतो. सगळ्यांचा होकार घेतल्याशिवाय जमीन न सोडणारा हा माणूस, त्या एका वेळी माझं "व्हय" न घेताच निघून गेला.