न पाहिलेल्या नाटकाचं परीक्षण

शैलाताई गेल्याचं मला मस्कतमधल्या मत्र्याच्या मासळी बाजारात कळलं. शुक्रवारची सकाळ, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पलीकडून पुण्याहून त्यांची मुलगी केतकी बोलत होती. केतकी मस्कतमध्येच, अल् घुब्रात वाढली, त्यामुळे तिचं मराठी जपून पावलं टाकतं. "अरुणकाका, आई... आई आज सकाळी एक्स्पायर झाली. झोपेतच. पेन वगैरे काही नाही झालं तिला." मी "अरे, अरे" असं काहीतरी पुटपुटलो. मासेवाल्याने विचारलं, तुकडे करू का? मी नको म्हटलं आणि अख्खी सुरमई घेऊन घरी आलो. बायकोने सुरमईकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सुरी काढली.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. शैलाताईंच्या मोदकांबद्दल, त्यांच्या मोठ्या आवाजाबद्दल, अडल्यानडल्याला धावून जाण्याबद्दल इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी लिहून झालं. त्यांच्या नाटकाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. ते काम माझं आहे, कारण त्या नाटकाचं एकमेव छापील परीक्षण मी लिहिलं होतं. आणि मी ते नाटक पाहिलं नव्हतं.

शैलाताई इथल्या एका सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होत्या. अर्ध्या मस्कतचं रक्त त्यांनी काढलं असेल. रंगाने काळ्या. आपल्याकडे अशा वेळी सावळी म्हणतात, पण त्यांना ते खपत नसे. "सावळी हा मुलीच्या बापाचा शब्द," त्या म्हणायच्या, "मी चांगली काळी आहे." लॅबमध्ये त्यांच्या शेजारी बसायची मर्यम. ओमानीच, पण जन्म आफ्रिकेतल्या झांझिबारचा, आणि रंगाने शैलाताईंहून काळी. घरच्या माणसांशी स्वाहिली, पेशंटशी अरबी आणि शैलाताईंशी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी. एकदा दोघी पासपोर्टचे फोटो काढायला रुवीतल्या एका स्टुडिओत गेल्या. फोटोग्राफर आपल्याकडचाच. त्याने मर्यमला तीनदा उठवलं, तीनदा बसवलं, दिवे वाढवले, "मॅडम, थोडा उजाले में आइये" म्हणत राहिला, आणि तरी फोटोत नुसते दात आले. शैलाताईंना मात्र त्याने न सांगता गोरं करून दिलं. "मर्यम दिसेचना," त्या सांगायच्या, "आणि मी दिसले, पण ती मी नव्हते!" हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की ऐकणाऱ्याला त्यातला राग उशिराच कळायचा.

त्यातून त्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाटक लिहिलं, 'जरा उजेडात या'. तीन काळ्या बायका फोटो काढायला बसल्या आहेत. न दिसणारा फोटोग्राफर "दिसत नाही, उजेडात या" एवढंच म्हणतो आणि दिवे वाढवत जातो. बायका तिथेच स्वयंपाक करतात, भांडतात, म्हाताऱ्या होतात, दिव्यांवर पापड भाजतात. शेवटी फोटो येतो. त्यात फक्त मागचा पडदा असतो.

मंडळाचे अध्यक्ष बापट हे वाचून हवालदिल झाले. "अहो, काळ्या स्त्रिया म्हणजे काहीतरी दुःख दाखवा ना. शोषण वगैरे."

"माझ्या लॅबमधल्या तर दिवसभर हसत असतात."

"मग हे विनोदी आहे का?"

"तसंही नाही."

"मग आहे काय?"

"बघा आणि तुम्हीच सांगा," शैलाताई म्हणाल्या.

गणेशोत्सवाचा दिवस मिळाला, पण बायका मिळेनात. एकीची मुलगी लग्नाची होती, तेव्हा आईने काळं दिसून कसं चालेल? शेवटी दोघी तयार झाल्या, त्यातली एक तर 'काळी, पण नाकीडोळी नीटस' या अटीवर. तिसरी भूमिका शैलाताईंनी स्वतः घेतली. रंगभूषेला दरवर्षीप्रमाणे हुसेनभाई. मूळचे रत्नागिरीचे, इथून दोन तासांवरच्या खाबुऱ्यात दुकान. त्यांनी काळ्या रंगाचा मोठा डबा आणला होता, पण शैलाताईंनी आदल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, काळा रंग अजिबात लावायचा नाही. "ताई, रंग नको म्हनता, मंग मी एवढ्या लांबून येतो कशाला?" हुसेनभाई खट्टू झाले. पण कलाकाराला कोऱ्या तोंडाने स्टेजवर सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शैलाताई ड्यूटी संपवून धावतपळत पोचेपर्यंत त्यांनी त्या दोघींना ऐतिहासिक नाटकातल्या राण्यांसारखं गुलाबी करून ठेवलं होतं. पुसायला वेळ नव्हता. तेव्हा बापट माइकवर गेले आणि त्यांनी जाहीर केलं, "रसिकहो, रंगमंचावरील तिन्ही स्त्रिया काळ्या आहेत, याची कृपया नोंद घ्यावी."

हे सगळं मी ऐकीव सांगतोय. मी बाहेर होतो. त्याला कारण आमची एक प्रथा. मंडळाचा छापील अंक प्रयोग संपल्यावर जेवणाच्या रांगेत वाटला जाई आणि त्यात त्याच प्रयोगाचं परीक्षण असायलाच हवं असे. अंक पंधरा दिवस आधी छापायला जायचा, त्यामुळे परीक्षण आधीच लिहावं लागे. कित्येक वर्षं ते मी लिहीत होतो आणि कधी चुकलो नव्हतो, कारण आमचे प्रेक्षक टाळ्या वाजवायचे म्हणजे वाजवायचेच. लिहून झाल्यावर नाटक बघणं मला जेवण झाल्यावर स्वयंपाक करण्यासारखं वाटे. या खेपेला विषय ऐकूनच मी लिहून टाकलं होतं, "तीन कृष्णवर्णीय भगिनींची ही करुण कहाणी पाहताना प्रेक्षकांचे डोळे पाणावले, अनेकांना हुंदके आवरेनात." मग पुऱ्यांच्या कढईशेजारी उभा राहून मी क्रिकेटच्या गप्पा मारत होतो.

आत पहिली दहा मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही म्हणे. मग पहिल्या रांगेतून मर्यम आणि तिच्याबरोबर आलेल्या तीन मैत्रिणी खदखदून हसायला लागल्या. चौघींना मराठीचा गंध नाही, पण "उजेडात या" म्हणत दिवा लागला की त्या एकमेकींना चापट्या मारत. पाहुणे हसताहेत म्हटल्यावर आपण गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून आमचे लोकही हसू लागले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर कोणाला थांबता येईना. शेवटी बायका हातात फोटो घेऊन पडद्याचं कौतुक करू लागल्या तेव्हा मर्यमची रांग चिडीचूप झाली. आमची मंडळी मात्र हसत राहिली.

आणि मग रांगेत माझा अंक वाटला गेला.

"अगं बाई, रडायचं होतं का?" श्रीखंडाची वाटी हातात धरून एक बाई म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं," त्यांचे यजमान म्हणाले, "मी आतल्या आत रडतच होतो."

निझव्याहून गाडी हाणत आलेले आणि उत्तरार्धात झोपलेले एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की त्यांनी हुंदके ऐकले. बापटांनी निकाल दिला, परीक्षक म्हणतात म्हणजे करुणच होतं. आठवड्याभरात गावभर पक्कं झालं की नाटक अतिशय हृदयद्रावक होतं, आणि त्या ओमानी बायकांना मराठी येत नसल्यामुळे त्या भलतीकडे हसल्या. शैलाताईंना हे फार लागलं. "ज्यांना कळलं त्यांनाच अडाणी ठरवलंत की रे," एवढंच त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली, पण खरं काही बोललो नाही.

प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. "अरुण, छापलंस ते वाचलं. आता मनातलं सांग. कसं वाटलं?"

"फारच सुंदर."

"कुठला भाग आवडला?"

कुठल्याही नाटकात शेवटाकडे कोणीतरी एकटं उरतंच, या हिशोबाने मी म्हटलं, "ती... ती मधली एकटी उरते, तो."

मग त्या म्हणाल्या, "हं. माझाही तोच आवडता."

सुटलो, असं मला वाटलं. पण पुढे जेव्हा जेव्हा भेट होई, तेव्हा त्या तो विषय काढायच्याच. ती एकटी उरल्यावर जे करते ते पटलं का तुला? मग मी तिच्या खांद्यावर शाल दिली, तिला अंगाई गायला लावली. "आणि ती खिडकी?" त्या अगदी लक्ष देऊन विचारायच्या. "खिडकी तर कमालच!" मी म्हणायचो. रिटायर होऊन त्या पुण्याला परतल्या तोवर माझा तो प्रवेश चांगला पंधरा मिनिटांचा झाला होता. नवं नाटक का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्याचं ऐकून तर होऊ दे..." मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी पुढे खरंच एक ओळ लिहिली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी केतकीने एक सीडी पाठवली. तिचे बाबा शैलाताईंचा प्रत्येक कार्यक्रम व्हिडिओवर घेत. त्यातली या प्रयोगाची कॅसेट तिने सीडीवर उतरवून घेतली होती. गेल्या शुक्रवारी सकाळी मी एकटाच ती बघायला बसलो. कॅमेरा तिसऱ्या रांगेच्या मागे होता. पुढे मर्यम आणि मैत्रिणी, आणि त्यांच्या शेजारी एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर शैलाताईंच्या ठसठशीत अक्षरात कागद चिकटवलेला : 'परीक्षक – अरुण'. सत्तर मिनिटं ती खुर्ची रिकामी दिसत राहिली. थोड्या वेळाने मर्यमने तिच्यावर पर्स ठेवली. नाटकात कोणी एकटी उरत नाही. तिघी एक क्षणही एकमेकींपासून हलत नाहीत. खिडकी तर नाहीच.

लाजेने मला धड बसवेना. पण मी बसलो, आणि मग हसलो, आणि शेवटी "पडद्याच्या चुण्या किती छान आल्यात गं" हे शैलाताईंचं वाक्य ऐकून माझं हसू थांबलं. तसाच मी केतकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सुरुवात लांबली आहे, गुलाबी बायकांपैकी उजवीकडची फार बोलते, पापडाची जागा अफलातून, शेवट थोर. अर्धा तास बोलत होतो.

केतकी म्हणाली, "काका, हे आईला सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला भेटून आली ना, की ती बाबांना म्हणायची, अरुणने अजून नाही बघितलं. बाबा म्हणायचे, मग कॅसेट दे ना त्याला. तर ती म्हणायची, नको, तो मागेल."

त्या पुण्याला जाईपर्यंत, इतकी वर्षं, ती कॅसेट घुब्रात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात होती. मी फक्त मागायची होती.