म्हसवडचं आंबवण

माझ्या मावशीच्या यजमानांसमोर आजारी पडण्याची हिंमत अख्ख्या वडूजमध्ये कुणाला नाही. ताप एक वेळ लपवता येतो, पण खोकला आणि शिंक या गोष्टी माणसाच्या हातात नसतात, आणि काका फौजेतून निवृत्त झाले असले तरी त्यांचे कान अजून ड्युटीवर आहेत. त्यांच्या घरावरून जाताना लोक ओठ घट्ट मिटून चालतात. मागच्या हिवाळ्यात पोस्टमन फाटकाशी नुसता खाकरला, तर काकांनी त्याला दंडाला धरून आत आणलं आणि अडुळसा, मिरी, गुळवेल आणि आणखी काय काय उकळून केलेला काढा समोर उभं राहून पाजला. तेव्हापासून तो लांबूनच घंटी वाजवतो आणि टपाल कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून पसार होतो. "बघ, खोकला गेला का न्हाई त्याचा?" असं काका मला विजयी मुद्रेनं विचारतात. खोकला गेला हे खरंच आहे. पोस्टमनही गेला, हे त्यांच्या खिजगणतीत नाही.

सुभेदार म्हणून परत आलेल्या माणसानं शेतीवाडी बघावी, पारावर बसून लढायांच्या गोष्टी सांगाव्यात. काकांनी शेती धाकट्या भावावर सोपवली आणि मावशीच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिथल्या फळ्यांवर बरण्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असतात. नव्यानं घातलेली गाजराची कांजी म्हणजे शिपाई. ती आंबून चवीला उतरली की नाईक होते, पुढे हवालदार, आणि प्रत्येक बढतीला काका बरणीवर खडूनं एकेक फीत वाढवतात. कोळशासारखं काळं झालेलं लिंबाचं लोणचं नुकतंच सुभेदार मेजर झालं. ते हुद्द्यानं आपल्या वर गेलं म्हणून ते वाढायचं असलं की काका पाटावरून उठून उभे राहतात. कैरीच्या एका बरणीला बुरशी आली तेव्हा तिची रीतसर चौकशी झाली, मीठ कमी घातल्याचा गुन्हा शाबीत झाला आणि तिला परसात पुरण्यात आलं. मीठ काकांनीच घातलं होतं, पण हे बोलायला कोण जाणार?

या घरात जेवताना मला कधी निवांत वाटलं नाही. आंबणाऱ्या पदार्थात हवा धरते, म्हणून काका रोज सकाळी सगळी झाकणं सैल करून पुन्हा लावतात. याला ते हजेरी म्हणतात. एकदा उसाच्या रसाचा शिरका हजेरीतून सुटला आणि भर जेवणात फळीवरची बाटली बार उडावा तशी फुटली. काका ताटासकट जमिनीवर आडवे झाले आणि "खाली! सगळी खाली!" म्हणून ओरडले. मीही खाली. मावशी तेवढी चुलीपुढं भाकरी थापत राहिली आणि मागं न बघता म्हणाली, "रस हुता का कांजी?"

त्या फौजेत एकाच गाडग्याला हुद्दा नव्हता. ते चुलीजवळच्या कोपऱ्यात असे आणि ते मावशीचं होतं. त्यात आंबिलीचं आंबवण. रोजच्यातलं पळीभर मागं ठेवायचं, त्यात ज्वारीचं पीठ कालवायचं, की त्यावर उद्याची आंबील आंबते. लग्नात मावशी म्हसवडहून येताना ते आपल्या आईकडून डबीत घालून घेऊन आली आणि तेव्हापासून ते गाडगं रिकामं झालेलं नाही. काका त्याला हात लावत नसत. "ते शिविल खातं हाय," म्हणत.

मग मावशीला दम लागायला लागला. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग चुलीपासून उठताना. हृदयाची झडप निकामी झाली होती आणि मिरजेला ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांनी काकांकडे रोखून बघत एकच गोष्ट बजावली. ऑपरेशन होईपर्यंत घरचा काढा नाही, पाला नाही, मुळी नाही. काही वनस्पतींनी रक्त पातळ होतं, आणि टेबलावर रक्त थांबलं नाही तर कुणाच्या हातात काही राहणार नाही. काका ताठ उभे राहिले आणि "येस सर" म्हणाले.

माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. पोस्टमनला न सोडणारा माणूस बायकोला सोडेल? रजा काढून मी साताऱ्याहून वडूजला आले आणि पहाऱ्यावर बसले. काका स्वयंपाकघरात गेले की मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागोमाग. ते मावशीला पेला द्यायला लागले की मी आधी वास घ्यायची. त्यांना ते कळत होतं. 

मिरजेला निघताना त्यांच्या काखेत स्टीलचा थर्मास दिसला. जीपमध्ये तो त्यांनी मांडीवर धरला, दवाखान्यात उशाशी ठेवला. "चहा आहे का काका?" मी विचारलं. "न्हाई," ते म्हणाले आणि थर्मास पलीकडच्या बाजूला घेतला. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होतं. सकाळी मी दात घासून आले, तर काका मावशीच्या कॉटवर वाकून काहीतरी पुटपुटत होते आणि थर्मास हातात होता. 

स्ट्रेचर आलं. मावशीला त्यावर घेतलं आणि मला राहवेना. "काका, खरं सांगा, पाजलंत का तिला काही? एक घोट दिला असला तरी डॉक्टरांना सांगायला पाहिजे."

"म्या शब्द दिलाय," काका म्हणाले.

"मग त्यात काय आहे?"

त्यांनी थर्मास छातीशी धरला. मी सरळ सिस्टरला सांगितलं. तिनं स्ट्रेचर थांबवलं आणि हात पुढं केला. "आजोबा, उघडा बघू. नाही उघडलंत तर पेशंट आत जाणार नाही."

जन्मभर झाकणं सैल करत आलेला हा माणूस. पण जीपमध्ये सांडू नये म्हणून त्यांनी हे झाकण घट्ट आवळलं होतं, आणि मावशीच्या काळजीत त्याची हजेरी घ्यायला विसरले होते. त्यांनी झाकण फिरवलं मात्र, फाट्‌कन आवाज झाला आणि आंबट फेसाचा लोट सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांवर, काकांच्या मिशीवर, भिंतीवर उडाला. अख्ख्या व्हरांड्यातले लोक दचकून उभे राहिले. काका या वेळी जमिनीवर आडवे झाले नाहीत. दोन्ही हातांनी थर्मासचं तोंड दाबून ते तसेच उभे होते.

"हे पाजलंत पेशंटला?" सिस्टर किंचाळली.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून मावशीचा बारीक आवाज आला. "आवं, माझं गाडगं थर्मासात भरून आणलं व्हय? पीठ घातलं का त्याला?" मग सिस्टरला म्हणाली, "बाई, मला काय बी दिलं न्हाई त्यांनी. पानी मागितलं तरी आदी डाक्टरला इचारून येत्यात."

काकांचा चेहरा कावराबावरा झाला. "घराला कुलूप हाय," ते म्हणाले. "पीठ न्हाई पडलं तर मरतंय ते. म्या बार्डरवर हुतो, तवा तिनं एक दिस चुकीवलं न्हाई. सुट्टीवर आलो की पयली वाटी त्याचीच. आता ती आत जाणार, आन मागनं हे मेलं तर म्या तिला काय सांगू?"

 सिस्टरनं रुमालानं बाही पुसली आणि स्ट्रेचर पुढं ढकललं. दार बंद झालं.

थर्मासच्या तळाला बोटभर उरलं होतं. काकांनी खिशातून पिठाची पुरचुंडी काढली, चिमटीनं पीठ सोडलं, झाकण नुसतं टेकवलं आणि बाकावर बसले. मी शेजारी बसले. माझी त्यांच्याकडे बघायची छाती होईना, म्हणून मीही त्या झाकणाकडे बघत राहिले. कुणी दारातून बाहेर आलं की काका उठत, ते आपल्यासाठी नाही असं कळलं की बसत आणि झाकण उचलून आत डोकावत. पीठ तसंच तरंगत होतं. ऊन व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला सरकलं. जेवायला उठा म्हटलं तर मान हलवली. मला आयुष्यात कधी नाही इतकं वाटलं, की या माणसानं आता ओरडावं, कुणाला तरी पकडून काढा पाजावा.

शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झाल्याचं म्हणाले. काकांनी पिठानं माखलेल्या हातानं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.  मग त्यांनी थर्मास माझ्यापुढं धरला. पिठाच्या कडेनं बारीक बुडबुडे धरले होते. मला तिथंच रडू फुटलं.

मावशी आता घरी आहे, हळूहळू फिरते. काकांच्या बरण्यांना बढत्या मिळतात, पण काढा बंद झाला आहे. परवा मी त्यांच्यासमोर मुद्दाम खोकून बघितलं. "डाक्टरला दाव," एवढंच म्हणाले. माझा घसा उगाचच सुना सुना वाटला.

निघताना त्यांनी एक लहान बरणी माझ्या हातात दिली. झाकण सैल होतं आणि वर खडूची फीत नव्हती.

"ने. रोज पीठ घालीत जा."

"अहो काका, मला कुठं जमणार? विसरले तर?"

"इसरू नगंस," ते म्हणाले. आत मावशी चुलीपुढं बसली होती, तिच्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आमी दोगंबी आता थकलो, पोरी. दोन ठिकाणी असलं म्हंजी बरं."

साताऱ्याच्या माझ्या ओट्यावर ती बरणी आहे. सकाळी पीठ घातलं की मी वडूजला फोन लावते. काकाच उचलतात आणि काही बोलायच्या आधी विचारतात, "घातलं?" मी घातलं म्हणते. मग तेही, आमी बी घातलं, असं सांगतात, आणि मागून मावशीचा आवाज ऐकू आला की मगच मी फोन ठेवते.