न सुटणारी पाळी

मूर्तिजापूरला छोट्या आगगाडीत बसलो तेव्हा बेत साधा होता. कारंज्याला उतरायचं, आंघोळ करायची आणि बैलगाडी ठरवून मानोऱ्याच्या मित्राकडे जायचं. कसचं काय! गावातल्या साऱ्या बैलगाड्या कापूस भरून जीनच्या (सरकी काढून गाठी बांधण्याच्या कारखान्याच्या) दारात उभ्या. धर्मशाळेच्या विहिरीत डोकावलो तर तळाला नुसता चिखल.

"पानी कुठचं जी!" रखवालदार म्हणाला. "जीनच्या बॉयलरनं ओढलं सारं. मळ्यात जाऊन पाहा."

तोंडाला कोळशाची काजळी, घशाला कोरड, अशा थाटात मी मळ्यात पोचलो. सखाराम माळी मोट हाकत होता आणि मोट अर्धी रिकामीच वर येत होती. मेथीनं आणि सांबारानं (कोथिंबिरीनं) माना टाकल्या होत्या. त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, मी न मागता भाकर, ठेचा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. फडक्यानं गाळूनही ते गढूळच होतं.

"या मेथीवरच घर चालते आमचं," ती म्हणाली.

विहीर चार माळ्यांची. ज्याची पाळी त्यानं बैल दमेपर्यंत पाणी घ्यायचं. बैल सुटले की पाळी दुसऱ्याची. दिवाळीत जीनच्या मॅनेजरनं एक पाळी मागितली, चौघांनी देऊन टाकली. त्यानं विहिरीवर तेलाचं इंजिन आणून बसवलं. ते तेव्हापासून चालूच! त्यातून तळाला उरेल तेवढंच चौघांच्या मोटांना.

"आमाले काय मालूम, त्याले दमच लागत नाही म्हून," सखाराम म्हणाला.

माझं डोकं फिरलं. त्याला घेऊन तडक जीनवर गेलो. मॅनेजर बाहेरगावचा, बोलायला गोड.

"साहेब, पाळी बैल सुटेपर्यंत असते," सखाराम म्हणाला. "तुमचे कवा सुटतीन?"

मॅनेजर हसला. "हंगाम संपला की. होळीला. पाळी तुम्हीच दिलीत ना?"

"अहो, मेथी होळीपर्यंत थांबते का?" मी ओरडलो. तर त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. चहा! कुणाच्या पाण्याचा? मी कपाला हात लावला नाही. तोंडून जी शिवी गेली ती इथे लिहिता येत नाही.

मळ्यात परत येताच सखारामनं जू उतरवलं आणि दोन्ही बैल मेथीत घातले.

पार्वतीबाई धावत आली. "अवो, काय करून राह्यले? उद्या बाजार हाये!"

"खाऊ दे. वाळूनच चालली. त्याईच्या तरी पोटात जाईन."

ती बैलांना हाकलायला गेली, अर्ध्या वाफ्यात थांबली आणि तिथंच खाली बसली.

मानोरा राहिलं, आंघोळही राहिली. संध्याकाळच्या गाडीनं परत फिरलो. रानारानातले बैल सुटून घराकडे निघाले होते आणि मळ्याच्या बाजूनं इंजिनाची धकधक येत होती.

घरी सगळे विचारतात, वऱ्हाड कसं आहे? मी म्हणतो, माणसं फार चांगली. पाळी मागितली तर देतात. पुढचं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि बायको दार लोटून घेते.