कॅमेऱ्याला दुसरा शब्द

सिनेमाचा अभ्यास करायला विद्यापीठात गेले तेव्हा मला ‘कॅमेरा’ हा शब्द उच्चारता येत नव्हता. विनोद म्हणून सांगत नाही. मी लहानपणापासून बोलताना अडखळते आणि ‘क’ हे अक्षर माझा सगळ्यात जुना वैरी. तोंड उघडतं, जीभ मागच्या मागे अडकून बसते. समोरचा माणूस आधी जरासा हसतो, मग नजर चुकवतो आणि शेवटी दया येऊन माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं.

आमचं घर मूळ नागपूरचं. राजधानी हलली तेव्हा आजोबा सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. घरात मराठी, पण तिच्यात निम्मी हिंदी. माझ्या वतीने बोलायचं काम बाबांनी फार पूर्वीच स्वतःकडे घेतलं होतं. डॉक्टरकडे तेच बोलायचे, बँकेत तेच, दुकानात तेच. मी “बाबा, मला” एवढं म्हणेपर्यंत “हो गं, समजलं” आलेलं असायचं. त्यात माया होती, म्हणून तक्रार करणंही जमत नसे.

कामही मी बिनबोलाचं शोधलं. जवाहर चौकातल्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. बंद खोली, कानाला हेडफोन, समोर अनोळखी घरांची लग्नं. नाच, हार, जेवणाच्या पंगती कापता कापता लक्षात यायला लागलं की अख्ख्या मिरवणुकीपेक्षा कधीकधी एकच शॉट जास्त सांगून जातो. नवरीची आई गर्दीत उभी आहे आणि भलतीकडेच बघते आहे, एवढाच. हे असं का होतं, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. तिशी उलटल्यावर मी चित्रपट अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तो त्यासाठी.

पहिलं वर्ष मागच्या बाकावर बसून निभावलं. दुसऱ्या वर्षी सेमिनार सुरू झाले. तिथे मागचा बाक नव्हताच. एक लांबट टेबल, भोवती आम्ही मोजके विद्यार्थी, भिंतीवर पडदा. प्रत्येकाने एक प्रसंग निवडायचा आणि तो पडद्यावर चालू असताना त्यावर बोलायचं. लिहून आणलेलं वाचलेलं मॅडमना चालत नसे. मॅडम निवृत्तीला आलेल्या, सुती साडी, आवाज बारीक, आणि ऐकताना मान एका बाजूला कलती करायची सवय.

माझी पाळी आली त्या दिवशी मी एक जुना कृष्णधवल प्रसंग निवडला होता. एक बाई दारात बसून तांदूळ निवडते आहे, मागून नवरा ट्रंक घेऊन बाहेर पडतो, दोघंही बोलत नाहीत. तयारी भरपूर केली होती. पण शॉट सुरू झाला आणि माझं पहिलं वाक्य अर्ध्यात असतानाच तो माणूस ट्रंक घेऊन निघूनही गेला. चित्र पुढे, मी मागे. शेजारी बसणारी मुलगी पुण्याची, तिचे वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. ती मला ताई म्हणायची. तिने कळवळून माझी दोन वाक्यं पुरी केली. मी मान हलवली, तिने म्हटलं ते मला म्हणायचं नव्हतं तरी. ‘कॅमेरा’ आला की मी “देखनेवाला” म्हणून वेळ मारून नेत होते. अडखळणाऱ्या माणसाच्या खिशात असे पर्यायी शब्द नेहमी तयार असतात.

बोलणं संपल्यावर मॅडमनी मान कलती केली. “एक बात मुझे बहुत अच्छी लगी. आपने एक बार भी ‘कैमरा’ नहीं कहा. हर बार ‘देखनेवाला’. यानी आप मशीन को एक पात्र मान रही हैं?”

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एकाने तर ते वहीत उतरवून घेतलं. मला हो म्हणून सुटता आलं असतं. पण का कोण जाणे, खरं बोलावंसं वाटलं.

“न-नहीं मॅडम,” मी म्हटलं. “वो शब्द... मुझसे निकलता नहीं.”

मग मॅडमच हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “और मैं इसमें सिद्धांत ढूँढ रही थी!” त्या स्वतःला हसत होत्या हे इतकं उघड होतं की मीही हसले. वहीत लिहिणारा हसला, पुण्याची मुलगी हसली. माझ्या अडखळण्यावर मी चारचौघांत हसले, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

डोळे पुसून मॅडम म्हणाल्या, “चित्र थांबू शकतं की. आपण ते पळू का देतो?” म्हणाल्या हिंदीतच, पण मला ते वाक्य का कुणास ठाऊक मराठीतच आठवतं. त्यांनी प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि पुण्याच्या मुलीला लॅपटॉपशी बसवलं. मी हात वर केला की तिने फ्रेम थांबवायची. मी बोलेन तेवढा वेळ ती फ्रेम तिथेच राहणार. “और कोई किसी का वाक्य पूरा नहीं करेगा,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “मेरा भी नहीं.”

त्या दुपारी बाई तांदळात बोटं घालून खूप वेळ पडद्यावर थांबून राहिली आणि मी बोलत राहिले. अडखळत, धापा टाकत. तिची बोटं थांबलीत पण नजर वर गेलेली नाही, म्हणजे नवरा निघाल्याचं तिला पावलांवरून कळलंय, हे मी सांगितलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही. पुढे तो आमच्या सेमिनारचा रिवाजच झाला. सगळेच फ्रेम थांबवून बोलायला लागले, आणि वहीवाला एकदा म्हणाला की आपण आता निम्मेच प्रसंग बघतो, पण बघतो खरे.

घरी मात्र जुनंच चालू होतं. एका संध्याकाळी जेवताना मी बाबांना सेमिनारचं सांगत होते.

“आज आम्ही एक क-क—”

“कविता? कथा?” बाबा लगेच.

“बाबा, थांबा. मला बोलू द्या.”

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांना लागलं असेल असं वाटून मला रडू येणार होतं. पण ते नुसतंच “बरं” म्हणाले आणि पोळी ताटात ठेवून माझ्याकडे बघत बसले. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आवाज मात्र काढला नाही. मी “कॉमेडी” म्हटलं. “असं होय!” ते म्हणाले. “मला वाटलंच नव्हतं.”

वर्षअखेरीच्या सादरीकरणाला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. विद्वान माणूस, घाईतला. त्यांना हबीबगंज स्टेशनवरून संध्याकाळची गाडी गाठायची होती. माझं वाक्य अडलं की ते पुढचा शब्द सुचवायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी गप्पच झाले. तेव्हा पुण्याची मुलगी, जिने पहिल्या दिवशी माझी वाक्यं पुरी केली होती, ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

“सर, सॉरी,” ती म्हणाली, “उनका वाक्य अभी चल रहा है.”

परीक्षकांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “क्षमा कीजिए. बोलिए.” त्यानंतर ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी त्यांनी मला असे खोल प्रश्न विचारले, की मला माझ्याच विषयातलं नवीन काही दिसलं. गाडी मिळाली का, हे मला ठाऊक नाही.

आता मी एका खाजगी कॉलेजात एडिटिंग शिकवते. अडखळणं गेलेलं नाही, जाणारही नाही. पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकते, मग ती वाट बघायला शिकतात, माझ्यापेक्षा लवकर.

मॅडम निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते. आभार मानायचे होते, आणि नेमकं कृतज्ञतेचंच वाक्य ‘क’ने सुरू होत होतं. दुसरा शब्द हाताशी होता, पण तो वापरायचा नाही असं मी ठरवलं होतं. चहावर साय धरली. मॅडम मान कलती करून बसल्या होत्या. वाक्य पुरं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “मैंने कुछ खास नहीं किया, बेटा. मुझे बस जानना था कि आप कहने क्या वाली हैं.”

त्या तेवढंच म्हणाल्या. मग उठून चहा पुन्हा गरम करायला आत गेल्या.