बोरचं पाणी

चूक माझीच होती. पाथर्डीतल्या आमच्या मिस्त्रींनी बजावलं होतं, "सर, रेडिएटरात बोरचं पानी नका घालू, लई क्षार हाय." मी आळसाने तेच घालत राहिलो. करंजी घाटात आमची जुनी गाडी तापून बंद पडली. ती ओढून त्यांच्या गॅरेजात आणली, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीला दोष देत चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांनाच अडाणी म्हणालो.

स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, डोळे मिटून इंजिन ऐकणारा हा माणूस. त्यांनी रेडिएटर उघडला, आत साचलेली क्षाराची पांढरी खपली तळहातावर घेऊन फक्त मला दाखवली आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "गाडी म्हातारी झाली, व्हतं आसं."

असा कारागीर आमच्या गावात आहे, याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी भर गॅरेजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "मिस्त्री, बोरचं पाणी मीच घातलं होतं. अडाणी मी. माफ करा."