पार्बताबाईचा अंबाडीचा दोर

तेल्हाऱ्याच्या शिवेला लागून पार्बताबाईची वाडी होती. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधाने झेंडू. मधोमध दोन खणांचं मातीचं घर. इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात मी पुष्कळ घरं पाहिली, थोरामोठ्यांचीही पाहिली. पण इतकं शहाणं घर मी दुसरं पाहिलं नाही.

पार्बताबाई सत्तरीला टेकलेली, एकटी. डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून बाजेपासून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर अंबाडीचा दोर ओढलेला. उंबऱ्यावर चुन्याचा रुंद पट्टा, संध्याकाळीही दिसेल असा. पाण्याचा माठ ओट्यावर, वाकायला नको. आणि रोज सकाळी शेजारची हाजराबी कुंपणापाशी येऊन हाक मारी, "बाई, इस्तो देता काय?" पार्बताबाई चुलीतला निखारा खापरीत घालून देई. हाजराबीच्या घरी माचीस होती. पण बाई उठली की नाही, हे माचीस सांगत नाही.

मागच्या साली पार्बताबाई पडली होती, हात मोडला होता. तेव्हाच अकोल्याला कापसाच्या जिनिंगात कामाला असलेला तिचा मुलगा शेषराव बोलला होता, "आनखी एकदा पडलीस तं जठारपेठेत माह्या खोलीवर नेईन. मंग तुही वाडी दुसरा कोनी पाहीन."

तो शेषराव दसऱ्याआधी येणार असा निरोप आला आणि पार्बताबाईने दोर सोडायला घेतला.

"हे काय करून राहिल्या?" हाजराबी कुंपणावरून ओरडली.

"दोर पाहून तो म्हनीन, माय थकली. चाल अकोल्याले."

"मंग दोन दिवस तुमी काय धरसान? माही वेणी?"

"भिंत हाये ना वं!"

पाहुणा यायचा म्हणजे घर सारवायचं, ही आमच्याकडची रीत. पार्बताबाईने भिंत धरून सगळं घर शेणाने सारवलं. सारवता सारवता उंबराही सारवला. चुन्याचा पट्टा शेणाखाली गेला.

शेषराव भर दुपारी आला. बाहेर लखलखीत ऊन, आत अंधार. पाय उंबऱ्याला अडखळला, पुढे ओल्या शेणावर घसरला आणि धाडकन आवाज झाला. हाजराबी धावली.

"पडल्या काय बाई?"

"मी नाई पडली," आतून पार्बताबाई म्हणाली. "अकोला पडलं."

घोटा वांग्याएवढा सुजला. हळद-चुन्याचा लेप लावून शेषराव बाजेवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी न्हाणीकडे जायला उठला, तर धरायला काहीच नाही. लंगडत भिंत चाचपू लागला. मग पार्बताबाईने पेटीतून दोर काढला आणि ओढून बांधला. शेषराव त्याला धरून गेला, धरून आला.

"हा दोर कवापासून हाये, माय?"

"हात मोडला तवापासून. त्याच्यानंतर एकदाही पडली नाई."

"मंग काढला कावून?"

"तू नेशीन म्हनून."

सकाळी हाजराबीची हाक आली, तेव्हा शेषरावाने बाजेवरूनच विचारलं, "चाची, तुमच्या घरी माचीस नाई काय?"

"चार हायेत," हाजराबी म्हणाली. "तू झोप."

सहाव्या दिवशी सूज उतरली. शेषरावाने उंबऱ्यावर स्वतःच्या हाताने चुना ओढला, पहिल्यापेक्षा रुंद. मग नवा दोर वळून तो विहिरीपर्यंत नेला.

"धर बरं. जाऊन ये, पाहू."

पार्बताबाई झेंडूच्या बांधाने विहिरीपर्यंत गेली आणि पदर न सावरता परत आली. बैलांची दमणी दारात उभी होती. शेषराव एकटाच चढला, मग पुन्हा उतरला.

"दोर उरला काय थोडा? माह्या खोलीचा जिना लई अंधाराचा हाये."

पार्बताबाईने उरलेली गुंडाळी त्याच्या हातात दिली.

"ने. पन मी पाहुनी आली तं काढू नोको."